विंडोज १० वरून ११ वर जावं का? (मिरज, प्रेस, तीन मशीन)

छापखानावाला

नमस्कार मंडळी,

मिरजेत आमचा लहानसा प्रेस आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, निवडणुका लागल्या की हँडबिलं. तीन मशीन आहेत, तिन्हींवर विंडोज १०. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून डिझाइनच्या मशीनवर मधूनच पडदाभर सूचना येते आणि आमचा ऑपरेटर ती न वाचता बंद करतो.

१) डिझाइनचं मशीन: आय-५ आठवी पिढी, १६ जीबी रॅम, एसएसडी. कोरल आणि फोटोशॉप. तपासणीचं ॲप म्हणतं, ११ चालणार नाही.

२) काउंटरचं: आय-३ सहावी पिढी, ८ जीबी, साधी हार्डडिस्क. व्हॉट्सॲप वेब, मेल, प्रिंट, संपलं.

३) वडिलांचं: ३२ बिट विंडोज, ४ जीबी. पेजमेकर, जुना मराठी फॉन्टचा संच (डोंगलवाला, म्हणजे खोचलेल्या किल्लीशिवाय न चालणारा, आणि ती किल्लीही मागच्या जाड्या प्रिंटर पोर्टात खोचायची) आणि डॉसमधला बिलिंगचा प्रोग्रॅम. बाबा अजून त्यावरच बिल काढतात, आणि माझ्यापेक्षा लवकर काढतात.

ज्यांच्याकडून मशीन घेतली त्यांना विचारलं, तर त्यांनी तिन्हींच्या जागी नवीन घ्यायचं कोटेशनच पाठवलं. आकडा बघून आधी चहा मागवला. तर प्रश्न असा, की नव्या विंडोजमध्ये एवढे पैसे घालण्यासारखं नेमकं आहे काय? मला तर स्टार्टचं बटण मधे सरकलंय एवढंच दिसतं.

उंटावरचा

काही नाही. माझ्या घरी विंडोज ७ आहे. त्याचा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये गेला, मशीन अजून ठणठणीत. हे सगळं नवीन मशीन खपवायचं तंत्र आहे. दहा वर्षं चाललेली वस्तू एका तारखेला सकाळी उठून खराब होते का?

रात्रपाळी

उंटावरचा, मशीन ठणठणीत असणं आणि सुरक्षित असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यावर नंतर येतो, आधी धागाकर्त्याचं काम.

साहेब, कोटेशन बाजूला ठेवा. तुमचं पहिलं मशीन बहुतेक आत्ताच पात्र आहे. इंटेलची आठवी पिढी यादीत बसते. ॲप नाही म्हणतंय ते बहुधा टीपीएम (मशीनमधली सुरक्षेची सोय, ११ ला ती लागते) बंद असल्यामुळे. त्या काळातल्या बऱ्याच मदरबोर्डांत टीपीएम २.० असायचं, पण कारखान्यातून बंद यायचं. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, 'टीपीएम डॉट एमएससी' टाका. 'सापडलं नाही' असं आलं तर बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीचा मदरबोर्डचा मेनू) जाऊन इंटेलवाल्यांनी 'पीटीटी', एएमडीवाल्यांनी 'एफटीपीएम' शोधायचं. सुरू करा, सेव्ह करा, बाहेर या. वेगळी चिप विकत घ्यायची गरज नाही.

दुसरी अडचण डिस्कची. 'एमएसइन्फो३२' उघडून बायोस मोडसमोर 'लेगसी' दिसलं तर समजा डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची आहे. ११ ला यूईएफआय, म्हणजे नव्या पद्धतीचं बायोस, लागतं. त्यासाठी फॉरमॅट मारायची गरज नाही. विंडोज १० मध्येच 'एमबीआर२जीपीटी' नावाचं हत्यार आहे, ते डेटा न पुसता डिस्क बदलून देतं. दोन पथ्यं. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर ते नकार देतं. आणि काम झाल्यावर बायोसमध्ये जाऊन बूट मोड यूईएफआय करावाच लागतो, नाहीतर मशीन काळा पडदा दाखवतं आणि लोक 'मेलं मेलं' म्हणून ओरडत दुकानात नेतात.

बॅकअप आधी. बाहेरच्या डिस्कवर, आणि ती डिस्क काढून कपाटात.

छापखानावाला

रात्रपाळी, मोठे आभार. ऑपरेटर सध्या पत्रिकेत आहे, मशीन सोडत नाही. रात्री बघतो.

टंकलेखिका

मी दोन्ही वापरते. घरी ११, ऑफिसात १०. मराठी टंकनात काही फरक नाही हे आधीच सांगते, कारण बहुतेक जण तेच विचारतात. इनस्क्रिप्ट कळफलक तसाच आहे. फोनेटिक कळफलक विंडोज १० मध्ये २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून आला, तोही ११ मध्ये तसाच. विंडोज आणि स्पेस दाबून भाषा बदलायची.

एक खोच मात्र आहे. नव्याने विंडोज टाकलं तर मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट दिसत नाहीत आणि माणूस हबकतो. ते आता 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' या ऐच्छिक गठ्ठ्यात असतात. सेटिंगमधून उतरवून घ्यायचे. नाहीतर मंगलमध्ये केलेलं पत्रक दुसऱ्याच फॉन्टात उघडतं आणि चार ओळी पुढच्या पानावर जातात. प्रेसवाल्यांना याचा अर्थ मी सांगायला नको.

आता तक्रारी. उजवी टिचकी मारली की अर्धाच मेनू उघडतो, बाकीचा 'अजून दाखवा'च्या आत. शिफ्ट दाबून टिचकी मारली की जुना पूर्ण मेनू येतो, एवढ्यावर मी तह केला. फायदे म्हणाल तर एक्स्प्लोररमध्ये टॅब आले, आणि रार फाइल वेगळं काही न टाकता उघडते.

हिशेबनीस

+१. आमच्या कार्यालयात डिजिटल सहीच्या टोकनांचे ड्रायव्हर ११ वर निमूट चालले. त्रास दिला तो एका म्हाताऱ्या स्कॅनरने. ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं आणि त्या स्कॅनरचा ६४ बिटचा ड्रायव्हर कंपनीने कधी काढलाच नाही. तेव्हा उडी मारण्याआधी मशीनला काय काय जोडलेलं आहे त्याची यादी करा. मशीन पास होतं, मागची वायर नापास होते.

बाकी कोणी ईएसयूबद्दल सांगेल का? आमच्याकडे त्यावरून दोन मतं आहेत.

रात्रपाळी

ईएसयू म्हणजे सपोर्ट संपल्यावरही सुरक्षेचे अपडेट पुरवायची मुदतवाढ. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. तीन वाटा आहेत: विंडोज बॅकअपमधून सेटिंग खात्याशी जोडली तर फुकट, किंवा मायक्रोसॉफ्टचे १००० रिवॉर्ड गुण, किंवा ३० डॉलर. एका खात्यावर दहा मशीनपर्यंत चालतं. अटी अशा, की १० ची शेवटची आवृत्ती २२एच२ हवी आणि मायक्रोसॉफ्टचं खातं हवंच. पैसे भरले तरी खातं सुटत नाही. सेटिंगमध्ये अपडेटच्या पानावर उजवीकडे 'नोंदणी करा'ची ओळ दिसते.

हिशेबनीस, तुमची दोन मतं बहुधा इथे फुटली असतील: डोमेनला, म्हणजे ऑफिसच्या सर्व्हरच्या ताब्यातल्या जाळ्याला, जोडलेल्या मशीनला ही घरगुती योजना लागू नाही. कंपन्यांसाठी वेगळी आहे, पहिल्या वर्षाला मशीनमागे ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं.

यात नवीन सुविधा मिळत नाहीत. फक्त भोकं बुजवून मिळतात.

हिशेबनीस

बरोब्बर तिथेच. आमचे सर म्हणत होते फुकट आहे, मी म्हणत होतो आपल्याला नाही. उद्या दाखवतो.

म्युनिकनिवासी

आम्हाला इकडे युरोपात ग्राहक संघटनांच्या रेट्यामुळे ते बॅकअपचं लोढणंही काढून टाकलं. खातं मात्र लागतंच.

अवांतर: म्युनिक महापालिकेने एके काळी विंडोज सोडून लिनक्स धरलं होतं, आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे परतायचं ठरवलं. उलट वरच्या श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने २०२४ मध्ये तीस हजार मशीन मोकळ्या सॉफ्टवेअरवर न्यायचं जाहीर केलं. एकाच देशात दोन तऱ्हा.

उंटावरचा

म्हणजे शेवटी काय, भोकं बुजवायला. माझ्या ७ मधलं कुठलं भोक कोणाला सापडलं? सहा वर्षांत काही झालं नाही.

न्हावाशेवा

उंटावरचा, मी क्लिअरिंगच्या धंद्यात आहे. जून २०१७ चा शेवटचा आठवडा आम्ही विसरणार नाही. नॉटपेट्या नावाचा व्हायरस जगभर पसरला, त्यात मेर्स्क ही जहाज कंपनी सापडली, आणि जेएनपीटी बंदरातलं त्यांच्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. कुठला कंटेनर कुठे आहे हे सांगणारी यंत्रणाच बंद. कामं हाताने करायची वेळ आली. बाहेर ट्रेलरच्या रांगा, ड्रायव्हर टपरीवर, आणि इकडे पार्टीचे फोनवर फोन, 'माल कुठाय?' आम्हाला तरी कुठे माहीत होतं? मूळ हल्ला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून घुसला होता. उरणच्या रस्त्यावर उभ्या ट्रेलरवाल्याचा त्याच्याशी काय संबंध? पण भोगलं त्याने.

उंटावरचा

हे म्हणजे माझ्याच बाजूचं झालं की! तुम्हीच म्हणता अपडेटमधून घुसला. आणि मी वाचलंय की नॉटपेट्या अपडेट केलेल्या मशीनवरही पसरत होता.

रात्रपाळी

अर्धं बरोबर आहे, आणि अर्धं असल्यामुळेच घोळ होतो. नॉटपेट्या आत शिरल्यावर एका मशीनच्या मेमरीतले पासवर्ड उचलायचा आणि त्यावर शेजारच्या मशीनमध्ये जायचा, त्यामुळे पॅच (भोक बुजवणारा अपडेट) असलेलीही गेली. पण आत शिरल्यावर पसरायला त्याला जे दुसरं भोक उपयोगी पडत होतं त्याचा पॅच मार्च २०१७ मध्येच आला होता. तेच भोक वापरून मेमध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस येऊन गेला होता. वॉनाक्रायमध्ये सर्वात जास्त मार कोणाला बसला माहिती आहे? विंडोज ७ ला. आणि ७ तेव्हा सपोर्टमध्ये होता! पॅच आलेला, फुकट, दोन महिने पडून. लोकांनी लावला नव्हता.

म्हणून मी '११ घ्या' असं सरसकट म्हणतच नाही. नियमित अपडेट होणारा १० हा अपडेट बंद करून ठेवलेल्या ११ पेक्षा बरा. प्रश्न आकड्याचा नाही. तुमच्या मशीनला पुढच्या महिन्यात पॅच मिळणार आहे की नाही, एवढाच आहे.

तुमच्या ७ बद्दल: क्रोमने २०२३ च्या फेब्रुवारीत त्याची साथ सोडली. बँकेचं काम त्यावरून करत असाल तर करू नका.

उंटावरचा

बँक मी बँकेत जाऊन करतो.

टंकलेखिका

:))

पेंग्विनप्रेमी

विंडोजच्या जागी टाकता येणाऱ्या लिनक्स मिंटचं नाव कोणी कसं घेतलं नाही अजून? धागाकर्त्याचं काउंटरचं मशीन मिंटसाठीच बनलंय. सहावी पिढी म्हणजे तरणंताठं मशीन. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, फुकट, खातं नको, जाहिरात नको. पेनड्राइव्हवर घालून आधी न टाकताच चालवून बघता येतं. मराठी टंकन आहे. व्हॉट्सॲप वेब ब्राउजरमध्येच तर चालतं.

आणि कृपया त्या डिझाइनच्या मशीनवरही कोरलऐवजी इंकस्केप हे फुकट सॉफ्टवेअर वापरून बघा.

छापखानावाला

पेंग्विनप्रेमी, काउंटरचं पटतंय. डिझाइनचं नाही. गिऱ्हाईक पेनड्राइव्हवर कोरलची फाइल घेऊन येतं, आणि बारा नंबरच्या कोरलमधली. गणपती कोरलमध्ये, बॉर्डर कोरलमध्ये, 'आमच्या काकाच्या लग्नाला याच फाइलवरून पत्रिका केली होती' हेही कोरलमध्ये. त्याला मी इंकस्केप सांगायला गेलो तर तो शेजारच्या प्रेसमध्ये जाईल.

आणि प्रिंटरचं काय? काउंटरला तो छोटा काळा-पांढरा लेझर आहे, जो प्रत्येक झेरॉक्सवाल्याकडे असतो.

पेंग्विनप्रेमी

अरेरे. मनात आहे तेच मॉडेल असेल तर लिनक्सवर त्याचा ड्रायव्हर म्हणजे कटकट आहे. अशक्य नाही, पण काउंटरवर गिऱ्हाईक उभं असताना करायची कटकट नाही. पेनड्राइव्हवरून मिंट चालू करा, प्रिंट देऊन बघा. आलं तर पुढे जा.

सायंकाळ

सहाव्या पिढीवर ११ जबरदस्तीने टाकता येतं की. रुफस नावाचं छोटं सॉफ्टवेअर पेनड्राइव्ह बनवतानाच टीपीएमची आणि बाकीची तपासणी काढून टाकतं. माझ्या सातव्या पिढीच्या लॅपटॉपवर मस्त चाललंय.

रात्रपाळी

चालतं, नाही कोण म्हणतं. पण मायक्रोसॉफ्ट अशा मशीनला अपडेटची हमी देत नाही, आणि दरवर्षीची मोठी आवृत्ती आपोआप येत नाही, दर वेळी हाताने टाकावी लागते. त्यांनी एकदा दारही बंद केलंय: २४एच२ (११ ची २०२४ मधली आवृत्ती) पासून प्रोसेसरमध्ये काही विशिष्ट सूचना नसतील तर ते सुरूच होत नाही, तिथे रुफसही हात टेकतं. ती झळ फार जुन्या मशीनना लागली, सहाव्या-सातव्या पिढीला नाही. पण पुढचं कोण सांगणार? घरी हौसेने करा. दुकानातल्या मशीनवर मी करणार नाही.

त्यापेक्षा काउंटरला आधी एसएसडी बसवा. १० ठेवा, ११ टाका, मिंट टाका, साध्या हार्डडिस्कवर तिन्ही रडतात. रॅमचे भाव सध्या एआयच्या कृपेने भडकलेत, पण तुमच्याकडे ८ जीबी आहे, पुरतं.

हिशेबनीस

एसएसडीला +१००. आमच्याकडच्या निम्म्या 'नवीन कॉम्प्युटर द्या' अर्जांचा निकाल त्यानेच लागला.

जुनाट

मला तिसऱ्या मशीनबद्दल बोलायचंय, कारण त्याकडे कोणी बघतच नाहीये आणि खरा जीव तिथे अडकलाय.

बाबांच्या मशीनवर ३२ बिट विंडोज आहे म्हणूनच तो डॉसचा प्रोग्रॅम चालतोय. ६४ बिट विंडोजमध्ये १६ बिटचे प्रोग्रॅम चालवायची सोयच नाही, आणि ११ ३२ बिटमध्ये येत नाही. म्हणजे तिथे अपग्रेडचा प्रश्नच उद्भवत नाही. डॉसबॉक्स या डॉसची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बिलिंग बहुधा चालवता येईल, पण प्रिंटर जुळवताना घाम निघेल. डोंगल यूएसबीचा असता तर व्हर्च्युअल मशीनमध्ये (नव्या मशीनच्या आत चालणारं आभासी जुनं मशीन) पुढे ढकलता आला असता, जाड्या पोर्टाचा ढकलणं म्हणजे नशिबाचा खेळ.

मी असं करीन. एक, नेटची वायर काढा. वायफाय असेल तर तेही. अपडेट न मिळणाऱ्या मशीनला एवढं एकच औषध आहे, आणि ते फुकट आहे. दोन, अख्ख्या डिस्कची प्रतिमा काढून दोन ठिकाणी ठेवा. डिस्क जाणारच आहे, कधी एवढंच ठरायचंय. तीन, पेजमेकरच्या फायली. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, सातवी, २००१ मधली. इनडिझाइन सीएस६ पर्यंत त्या फायली उघडत असे, पुढच्या आवृत्त्यांनी ते काढून टाकलं. तेव्हा ज्यांची पुन्हा गरज लागणार आहे त्या त्याच मशीनवर पीडीएफ करून ठेवा, फॉन्ट आत बसवून. सगळ्या करत बसू नका. पतसंस्थांचे अहवाल, मंदिरांच्या पावत्या, जे दरवर्षी येतात ते. पीडीएफमधला मजकूर त्या जुन्या फॉन्टच्या सांकेतिक अक्षरांतच राहील, कॉपी केला तर कचरा दिसेल. छापायला मात्र हुकमी. मजकूर पुन्हा वापरायचा असेल तर युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि रफार, अर्धी अक्षरं डोळ्यांत तेल घालून तपासा. कन्व्हर्टर नेमका 'र्‍य' आणि 'श्र'पाशी पाय घसरतो.

टंकलेखिका

आणि आकडे! देवनागरी आकडे काही कन्व्हर्टर इंग्रजीत करून टाकतात. लग्नाची तारीख अर्धी मराठी, अर्धी इंग्रजी. पाहिलंय मी.

छापखानावाला

जुनाट, हा प्रतिसाद प्रिंट काढून बाबांना दिला. ते म्हणाले, 'नेट कशाला हवंय तसंही.' वायर काढली. एक प्रश्न सुटला.

काल रात्री बायोसमध्ये गेलो. पीटीटी बंदच होतं. सुरू केलं, ॲपने हिरवी खूण दाखवली! बायोस मोडही आधीपासून यूईएफआय निघाला, त्यामुळे डिस्कचं लचांड नाही. म्हणजे ज्या मशीनच्या जागी नवीन घ्या म्हणत होते ते एका मेनूत नीट झालं. कोटेशनवाल्यांना अजून काही बोललो नाही.

पण अपग्रेड आत्ता करणार नाही. लग्नसराई चालू आहे. रोज पत्रिका बाहेर पडताहेत, अशात एक दिवस मशीन अडलं तर नवऱ्याकडचे आणि नवरीकडचे दोघंही दारात. दोन्ही मशीनना ईएसयू लावून घेतलं. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून, त्यात मुहूर्तच नाहीत, प्रेस थंड असतो. तेव्हा डिझाइनचं ११ वर नेईन. काउंटरला एसएसडी लगेच. पुढचं प्रिंटरवर ठरवू.

रात्रपाळी

उत्तम बेत. दोन गोष्टी वहीत लिहून ठेवा.

अपग्रेड झाल्यावर दहा दिवसांच्या आत मागे जाता येतं, सेटिंगमध्ये रिकव्हरीत 'गो बॅक'. त्या दहा दिवसांत कोरल, फोटोशॉप, प्लॉटर, सगळ्या प्रिंटरवर खऱ्या फायली काढून बघा. जागा रिकामी करायच्या नादात 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डर पुसू नका, परतीची वाट त्यातच आहे.

आणि डिस्क एनक्रिप्शन, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणं. कोरं ११ टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने आत गेलात तर २४एच२ पासून ते बहुतेक मशीनवर आपोआप सुरू होतं. अपग्रेडमध्ये सहसा नाही, तरी तपासा. सुरू असेल तर रिकव्हरी की खात्यात जाते. ते खातं ऑपरेटरच्या नावाचं नको, तुमच्या नावाचं हवं. ऑपरेटर नोकरी सोडून जातो, की त्याच्याबरोबर जाते, आणि एक दिवस मदरबोर्ड बदलला की मशीन की मागतं.

छापखानावाला

खातं ऑपरेटरच्याच मेलवर आहे :( आजच बदलतो.

नवखा_सांगली

छान चर्चा. माझं विंडोज १० कॉम्प्युटरवाल्याने टाकून दिलंय, ओरिजिनल आहे की नाही माहीत नाही. ११ वर फुकट जाता येईल का?

रात्रपाळी

सेटिंगमध्ये ॲक्टिव्हेशनचं पान बघा. 'डिजिटल लायसन्सने सक्रिय' असं असेल तर बहुतेक काळजी नाही. कुठल्यातरी संस्थेचं नाव किंवा 'केएमएस' दिसलं तर ते क्रॅक केलेलं समजा. ७ आणि ८ च्या जुन्या कीही २०२३ च्या सप्टेंबरपासून ११ ला चालत नाहीत. तो फोटो इथे टाका, फक्त की दिसत असेल तर झाका.